माणूस चांदवर गया तवय

"एक जूनवाले सगळे डावीकडे या," असं त्या मुलीनं ओरडून सांगितलं आणि मी निमूट उठलो. जळगावातल्या एका मंगल कार्यालयात डोळे तपासणीचं शिबिर होतं. नावनोंदणीला बसलेली मुलगी जन्मतारखेवरून माणसं शोधत होती आणि एक जून टाकला की तिच्या कॉम्प्युटरवर अर्धा जिल्हा उघडत होता. म्हणून तिनं आमची वेगळी रांग केली. डावीकडे जाऊन बघतो तर उजवीकडे उरलंच कोण? चार-दोन शहरी माणसं, ज्यांच्या आईबापांनी दवाखान्यातून रीतसर दाखले आणले होते. बाकी आम्ही सगळे एकाच दिवशी जन्मलेले, पांढऱ्या केसांचे, हातात चष्म्याची घरं धरलेले. माझ्या पुढचा धोतरवाला मागे वळून म्हणाला, "मंग भाऊ, वाढदिवसना पेढा कोठे शे?" सगळी रांग हसली. मीही हसलो, पण हसता हसता मनात आलं, मग माझा खरा दिवस कोणता? घरी जाताना रिक्षात बसलो तरी ते डोक्यातून गेलं नाही.

हे असं व्हायला कारण होतं. मी एका दैनिकात काम करतो आणि पंचवीसेक वर्षं 'दिनविशेष' हे सदर लिहितो. आज काय घडलं, आज कोण जन्मलं, आज कोण गेलं. घटना, जन्म, मृत्यू, अशी तीन घरं रोज भरायची. बायको कोकिळा म्हणते की मी माणसांना तारखेनंच ओळखतो आणि ते खरं आहे. लग्नपत्रिका आली की मला आधी आठवतं, त्या दिवशी कोण वारलं होतं. भाजीवाल्यानं "बावीस झाले" म्हटलं तरी माझं मन बावीस तारखेला जाऊन बसतं. असल्या माणसाला स्वतःचा जन्मदिवस ठाऊक नसावा, हे म्हणजे हलवायाच्या घरी गोडाची बोंब. धुळ्याजवळच्या नेर या आमच्या गावी, शाळेत हेडमास्तरांनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला होता. कान हाताला लागला, म्हणजे पोरगं शाळेजोगं झालं. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि लिहून टाकलं, एक जून एकोणीसशे अडुसष्ट. माझ्यामागे अभिमन, माझा धाकटा भाऊ, पुढच्या वर्षी त्याच दारातून आत गेला आणि त्यालाही एक जून मिळाला. मास्तर मोठे उदार होते, पण त्यांच्याकडे तारीख एकच होती.

आजवर याचं मला काही वाटलं नव्हतं. एक जूनला बँकेचा संदेश येतो, विम्याचा येतो, एका सराफाचाही येतो, ज्याच्याकडून मी आयुष्यात एक चांदीची वाटी घेतली. आपण त्यांना मनातल्या मनात नमस्कार करायचा आणि कामाला लागायचं. पण त्या रांगेत उभं राहिल्यापासून मला माझा दिवस हवासा झाला. खरंच हवासा. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं पतंगासाठी अडून बसावं तसं. दुसऱ्यांचे जन्म लिहिताना बोट थांबायला लागलं. हा अमुक गावी जन्मला, तो तमुक गावी जन्मला, आणि यांच्या आयांनी दिवस कसे लक्षात ठेवले? माझ्या आईनं का नाही ठेवला? तिला विचारलं नव्हतं असं नाही. लहानपणी विचारायचो तेव्हा ती म्हणायची, "बाजरी उगी व्हती." कधी म्हणायची, "चिखल व्हता." बाजरी दर वर्षी उगवते आणि आमच्या गल्लीत चिखलाला कुठल्याच महिन्याची अट नव्हती.

तरी एका दुपारी कचेरीतून मी धुळ्याला फोन लावलाच. आई देवपुरात अभिमनकडे असते. धुरपदाबाई तिचं नाव. तोंडात दात एकही नाही, कवळी बसवून दिली तर ती डब्यात जपून ठेवते, पाहुणे आले की घालते. अभिमननं फोन मोठ्या आवाजावर टाकून तिच्यापुढे धरला. मागे कुठेतरी भांड्यांचा खडखडाट चालला होता. मी या खेपेला शहाणपणानं विचारलं. महिना विचारायचा नाही, तिथी विचारायची नाही, तर घटना विचारायची, कारण माणसं वर्ष घटनेनं लक्षात ठेवतात. "माय, मी झालो तेव्हा काय चाललं होतं गं? काही मोठं घडलं होतं का?"

"मोठं काय घडनं!" ती म्हणाली. "मानूस चांदवर गया व्हता, आनि मी आठे..."

पुढचं मी ऐकलंच नाही. "माय, बस! कळलं!" असं ओरडून मी फोन ठेवला. कचेरीतल्या दोघातिघांनी माना वर केल्या. माणूस चंद्रावर गेला होता! एकोणीसशे एकोणसत्तर, जुलै! माझ्या पानाची मांडणी करणारा हसीब शेजारीच बसतो. तरणा पोरगा, हिशेबाला पक्का. मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, वीस जुलै अमेरिकेची. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तुमची एकवीस." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. एकवीस जुलै. माझी एकवीस. वर एक वर्षही लहान झालो होतो, ते वेगळंच.

त्यानंतरचे दिवस मी एकोणसत्तर सालात राहिलो, असं म्हटलं तरी चालेल. सकाळी महाबळला फिरायला जायचो ते जळगावात, पण डोक्यात ते साल. त्या सालाची मला माया लागली. ते साल माझ्यासाठी कसं तयार होत आलं होतं ते मी पुन्हा पुन्हा बघायचो. जानेवारीत मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं. मार्चमध्ये राजधानी एक्सप्रेस धावली. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले आणि देशानं तेरा दिवसांचा दुखवटा पाळला. तेव्हा नेरच्या एका घरात माझी आई सातव्या महिन्याचं पोट घेऊन पांझरेवर धुणं धूत असणार. एकोणीस जुलैला देशातल्या चौदा बँका सरकारच्या झाल्या आणि दोन दिवसांनी मी आईचा झालो. वीसला प्रभारी राष्ट्रपतींनी राजीनामा दिला, सरन्यायाधीश त्या खुर्चीवर बसले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी मी. मग ऑगस्टात इस्रो स्थापन झाली, तेव्हा मी मान धरायच्या खटपटीत असणार. ऑक्टोबरात गांधीजींची शंभरी, तेव्हा पालथा पडायच्या. डिसेंबरात विश्वनाथन आनंद जन्मला, तो माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी धाकटा, हे कळल्यावर मला उगाच वडिलकी आली. हे सगळं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं. पण माणसाला आयुष्यभर कुणीतरी 'त्या गर्दीत बसा' म्हणावं आणि मग एकाएकी देशाच्या आणि चंद्राच्या शेजारी जागा मिळावी, तर तो थोडा तरी हास्यास्पद होणारच. मला फार आनंद झाला होता. रात्री गच्चीवर पाणी बघायला गेलो की चंद्राकडे जरा ओळखीच्या नजरेनं बघायचो. कोकिळा खालून विचारायची, "टाकी भरली का?" आणि मी म्हणायचो, "भरते आहे," टाकीचं झाकणही न उघडता.

मात्र मधूनच एक बारीकशी टोचणी लागायची. आमच्या गावात एकोणसत्तर साली रेडिओ किती होते? माझ्या आईला चंद्राची बातमी कोणी सांगितली असेल? ती तर आजही टीव्हीवरच्या बाईला पाणी विचारते. पण मी ती टोचणी झटकून टाकायचो. अशा बातम्या वाऱ्यावर जातात, असं स्वतःला सांगायचो. बाप, आधार भामरे, तालुक्याला जायचा, बाजारात चार माणसांत बसायचा, त्यानं आणली असेल. बाप जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई त्याच्या हयातीत त्याचं नाव घेत नसे आणि तो गेल्यावरही घेत नाही. ती 'हाई' म्हणायची, 'घरमा शेत का', म्हणजे घरात आहेत का, असं म्हणायची, फार झालं तर 'शालिग्रामना बाप'. मी त्याच्यासारखा दिसतो असं सगळे म्हणतात. त्याला तारखा कळायच्या नाहीत. त्याला बैल कळायचे.

वृषालीनं, माझ्या मुलीनं, वाढदिवस करायचाच असं ठरवून टाकलं. "बाबा, पहिला खरा वाढदिवस आहे तुमचा. एक जूनचा केक सरकारचा होता." केकवर साखरेचा चंद्र करवून घेतला आणि त्यावर एक छोटा अंतराळवीर उभा केला. त्याच्या काचेच्या टोपीआड तिनं माझा फोटो कातरून चिकटवला. आणि मी, जे पंचवीस वर्षांत केलं नाही ते केलं. एकवीस जुलैच्या दिनविशेषात, जन्माच्या घरात, सगळ्यांत शेवटी एक ओळ घातली: '१९६९ – शालिग्राम आधार भामरे, या सदराचे लेखक.' हसीबनं ती ओळ बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, ठळक करू?" मी म्हटलं, "नको, शोभेल तेवढंच." तो पान पाठवायला गेला आणि मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, कारण मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

एकवीस जुलैला संध्याकाळी अभिमन आईला घेऊन धुळ्याहून आला. तिनं कवळी घातली होती, म्हणजे प्रसंग मोठा आहे हे तिनं ओळखलं होतं. हसीब आला, शेजारची चार माणसं आली. वृषालीनं आईला मधल्या खुर्चीत बसवलं आणि वर्तमानपत्र उघडून ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. आई मान डोलावत ऐकत होती. मग वृषालीनं केकवरचं झाकण काढलं. पांढरा, खड्ड्याखड्ड्यांचा चंद्र निघाला आणि त्यावर मी, काचेच्या टोपीत.

आईनं पुढे वाकून बघितलं. "हाई काय शे वं?"

"चंद्र आहे, आज्जी," वृषाली म्हणाली.

"चांद कशाले? पुनव शे का आज?"

"तुम्हीच तर सांगितलंत ना बाबांना! ते झाले तेव्हा माणूस चंद्रावर गेला होता म्हणून."

"कोन गया व्हता?"

"माणूस, आज्जी. चांदवर."

आईनं वृषालीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या अंतराळवीराकडे. आज तिच्या तोंडात दात होते आणि प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे पडत होतं. "चांदवर नही वं माय. चांदवड! चांदवड गया व्हता. मना मानूस! तुना आजा!"

 आधी अभिमन हसायला लागला, खुर्चीला धरून. त्याला बघून कोकिळा हसली, तिनं पदर तोंडात कोंबला तरी ते हसू थांबेना. हसीबला आधी कळलं नाही, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला समजावून सांगितलं की माणूस म्हणजे नवरा आणि चांदवड म्हणजे मालेगावच्या पुढचं, नाशिक रस्त्यावरचं गाव. कळल्यावर तो भिंतीकडे तोंड करून हलत राहिला. मीही हसत होतो. तोंडानं हसत होतो. आत मात्र मला कळत होतं की त्या जन्माच्या घरातून माझी ओळ गळून पडते आहे, आणि बँका, राष्ट्रपती, आनंद, सगळे आपापल्या गाड्या पकडून चालले आहेत, मी पुन्हा डावीकडच्या रांगेत. आणि पेपर तर छापून गेला. वाण्याच्या दुकानात आत्ता कोणीतरी माझ्या जन्मात शेंगदाणे बांधून देत असेल.

"सर, उद्या शुद्धिपत्र द्यायचं का?" हसीबनं डोळे पुसत विचारलं.

"दे ना. लिही, चंद्राऐवजी चांदवड असे वाचावे."

पुन्हा सगळे हसले. पण मला राहवेना. मी आईसमोर जमिनीवर बसलो. "बरं माय, चांदवड तर चांदवड. पण बा केव्हा गेला होता चांदवडला? कशाला? रेणुकेच्या यात्रेला का? चैत्रात का नवरात्रात?" यात्रा म्हटली की महिना तरी हाती लागेल, असा माझा हिशेब.

"जत्राले नही. बैल लेवाले. त्यासना मावसभाऊ व्हता तठे, त्यानाकडे एक गोऱ्हा व्हता. घर उना तिसरा दिनले. दारमा उभा राहिना आनि बोलना, देख, कसा गोऱ्हा आना शे! मी बोलनू, देख, कसा आंडोर आना शे! तं पहिले गोऱ्हाले पानी पाजं त्यासनी, मंग तुले दखं."

"म्हणजे आधी गोऱ्हा, मग आंडोर, पोटचा मुलगा. दुय्यमच की मी," मी म्हणालो.

"गोऱ्हा दांडगा व्हता भो," आई प्रामाणिकपणे म्हणाली.

अभिमन पुन्हा कोसळला. मी मात्र आता हसत नव्हतो, कारण मला एकदम दिसलं ते दार. बाप बाहेर, बैलाचं कौतुक करत, आणि आत एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी, तिसऱ्या दिवसाची बाळंतीण. तीन दिवस त्या घरात तिच्याजवळ कोण होतं? मी फोनवर 'बस, कळलं' म्हणून तिला जिथे तोडलं होतं, ते वाक्य 'आनि मी आठे', आणि मी इथे, एवढ्यावर तुटलं होतं. पुढे काय होतं ते वाक्य? मी राष्ट्रपती कुठे होते ते शोधून काढलं होतं. माझी आई कुठे होती ते शोधलं नव्हतं.  मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "माय, मग तू? तू कशी होतीस तेव्हा?"

आईनं माझ्याकडे जरा संशयानं बघितलं, मी थट्टा करतो आहे की काय म्हणून. मग तिनं कवळी काढली, वाटीत ठेवली आणि सावकाश बोलायला लागली. आता तिचे शब्द पुन्हा मऊ झाले होते, पण या खेपेला मी एकेक ऐकत होतो. "मी एकली व्हतू. सासू मळामा. रातभर पोट दुखी राहिनं, मी कोनले हाक नही मारी, लाज वाटे. मंग शेजारनी आक्काबाई पानीले जाई राहिंती, तिनी आइकं. ती घरमा उनी आनि तू बी उना, संगेच. तू रडनाच नही. आक्काबाई बोलनी, धुरपदा, पोऱ्या रडस नही वं. माले इतलं भ्याव वाटनं, मीच रडनू, भोकाड पसारं. ते आइकीसन तू रडना." ती थांबली आणि तोंडात एकही दात नसताना प्रसन्न हसली. "मंग आमी दोन्ही रडनूत. आक्काबाई हासे."

 कोकिळाचे डोळे भरले होते, पण हसूही पुरतं गेलेलं नव्हतं, दोन्ही एकाच चेहऱ्यावर नांदत होती. माझंही तसंच झालं असावं. आणि तरीही, काय करणार, पंचवीस वर्षांची खोड, माझ्या तोंडून निघून गेलं, "पण माय, दिवस कोणता होता?"

"दिन?" आई म्हणाली. आमच्याकडे दिन म्हणजे सूर्यसुद्धा. तिनं तोच धरला. "दिन उगाले व्हता. आंगनमा ऊन उनं नव्हतं आजून."

एवढंच मिळालं. आणि मला नवल वाटलं की मला ते पुरेसं वाटलं. पहाट होती. ऊन यायचं होतं. एक मुलगी रडली आणि ते ऐकून मी रडलो. हे छापायला कुठल्या घरात बसवणार, घटनेच्या की जन्माच्या, ते मला सांगता येत नव्हतं. हसीब माझ्याकडेच बघत होता, बहुधा तोही तेच मोजत असावा.

वृषाली मात्र हातात सुरी घेऊन केव्हाची उभी होती. पोरांच्या पिढीला पुराव्याचं फार. "पण मग आता काय करायचं? आज बाबांचा वाढदिवसच नाही. एक जूनही नाही, एकवीस जुलैही नाही. केक कापायचा तरी कशाच्या नावानं?"

आईनं तिच्याकडे असं बघितलं, जणू पोरीनं 'आज सूर्य उगवला कशावरून?' असं विचारलं होतं. मग तिनं माझा हात धरून मला जमिनीवरून उठवलं आणि केकपुढे उभं केलं.

"काप वं पोरी," ती म्हणाली. "कवय जलमना, ते ऱ्हाऊ दे. जलमना, हाई ते खरं शे ना? मी व्हतू तठे."